समोरचा खेळाडू विचार करत आहे

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे लिहिणं हे आपलं काम नव्हे असं आतून वाटत राहतं. विभागाच्या वार्षिकांकासाठी विषय लागला होता: हलक्याफुलक्या मोबाईल गेममुळे गेम उद्योगाचा दर्जा घसरतो का? वर्गात हात वर केला तो मीच, कारण दीड वर्ष मी अशाच एका कंपनीत काम केलं आहे. पण लिहायला बसलो तर मुद्दे सुचेनात. जे घडलं तेच पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर यायला लागलं. म्हणून मुद्दे सोडून तेच सांगतो. ज्यांना उत्तर हवं आहे त्यांनी रागावू नये.

कंपनी शहरात औरंगपुऱ्यात, एका साड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होती. सर, म्हणजे मालक, आणि आम्ही पाच-सहा जण. सकाळी कॉलेज आणि दीडनंतर तिथं काम, असं माझं चालायचं. मला काम शिकवलं ते तिथल्या ताईंनी. त्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांच्या घरात सगळे शिकलेले, नोकरीवाले. पण मला प्रश्न विचारायला लाज वाटू नये अशा त्या वागायच्या.

ताई तीन वर्षांपासून एक मोठा गेम बनवत होत्या. शहराच्या पोटातून पाणी नेणाऱ्या जुन्या नहरीत एक मुलगी उतरते आणि पाण्याच्या आवाजावरून तिला बाहेरचा रस्ता शोधायचा असतो. एवढंच. बंदूक नाही, राक्षस नाही. पाण्याचा आवाज त्यांनी पाणचक्कीपाशी बसून टिपून आणला होता. मी एकदा हेडफोन लावून तो खेळलो. दहा मिनिटांनी माझ्या मागं कोणीतरी श्वास घेतंय असं वाटलं आणि मी दचकून वळून बघितलं. मागं भिंत होती.

ताई हसल्या. "तो तुझाच श्वास आहे. माईक चालू आहे ना. जितका घाबरशील तितका रस्ता चुकशील."

असला गेम आपल्या शहरात, साड्यांच्या दुकानावर बनतो आहे याचा मला अभिमान वाटायचा. पण मी लागलो त्या वर्षीच दिवाळीनंतर सरांनी तो थांबवला. सर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अजून दोन वर्षं लागतील म्हणता. तोवर आपण राहू का? छोटे गेम पंधरा दिवसांत होतात. लोक बसमध्ये खेळतात, चहा येईपर्यंत खेळतात. आधी ते करू." दुसऱ्या दिवसापासून ताई एका छोट्या गेमच्या सोंगट्यांना रंग देत बसल्या.

तो छोटा गेम म्हणजे नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. आपल्या तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. आमच्या गावी, पिशोरला, दारातल्या फरशीवर हा पट खिळ्यानं कोरलेला आहे. मला आईनं शिकवला, आईला मामानं.

आमच्या घरी खेळताना एक रीत होती. पहिल्यांदा तीन जुळल्या की समोरच्याची सोंगटी उचलायची नाही. नुसतं बोट लावायचं आणि सोडून द्यायची. दुसऱ्या वेळेपासून उचलायची. आई लहानपणी पहिली सोंगटी गेली की रडायची, म्हणून मामानं ही रीत काढलेली. आईनंही मला तसंच शिकवलं. शहरात येईपर्यंत मला वाटायचं, सगळं जगच असं खेळतं.

मामा मी चार वर्षांचा असताना ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. दोन वर्षं शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचे फोन यायचे. मग थांबले. घरात त्याच्याबद्दल वाईटसाईट कोणी बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. फक्त फाट्यावर परराज्यातला ट्रक थांबलेला दिसला की आई अजून ड्रायव्हरला जाऊन विचारते.

आता माझ्या कामाचं. आमच्या गेमवर खरी माणसं फार थोडी यायची. सर म्हणायचे, "समोर कोणी नाही दिसलं की माणूस दोन मिनिटांत ॲप काढून टाकतो. समोर कोणीतरी असलंच पाहिजे." ते कोणीतरी म्हणजे आम्ही बनवलेला खोटा खेळाडू. ऑफिसात त्याला 'सावली' म्हणायचे. सावलीला नाव असायचं, फुलाचा नाहीतर डोंगराचा फोटो असायचा, आणि दर डावाला नाव बदलायचं. चाल ठरवायला सावलीला क्षणही लागत नाही. तरी पटाखाली ओळ यायची, 'समोरचा खेळाडू विचार करत आहे', आणि तीन ठिपके हलत राहायचे. ते ठिपके किती वेळ हलवायचे हे ठरवणं माझ्याकडे होतं. सोप्या चालीला दोन सेकंद. अवघड चालीला सात. हरायला लागल्यावर थोडं जास्त. मी ते मन लावून केलं हे कबूल करतो. सर एकदा म्हणाले, "एकदम माणूस वाटतो रे," तेव्हा त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मग ते म्हणाले, "आता याला माणसासारखी चूक करायला लाव." मला सुचेना. शेवटी जी एकच गोष्ट माझ्या ओळखीची होती ती टाकली: पहिली सोंगटी सोडून द्यायची. गेममध्ये उचलायला दहा सेकंद मिळतात. माझी सावली ते दहा सेकंद नुसते जाऊ द्यायची. मामा तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. खरंच नव्हता.

आतल्या खोलीत लोखंडी मांडणीवर बारा जुने फोन लावलेले होते. तपासणीसाठी त्यांच्यावर सावली विरुद्ध सावली असे डाव दिवसभर चालायचे. दुपारी खालचं दुकान जेवणासाठी बंद असलं की इमारतीत चिटपाखरू नसायचं. उन्हामुळे पडदे ओढलेले. बारा काचांवर सोंगट्या आपोआप सरकायच्या आणि बाराही ठिकाणी समोरचा विचार करायचा. समोर कोणी नसायचं आणि अलीकडेही कोणी नसायचं. एकदा बाराही डावांत जवळजवळ एकाच वेळी पहिल्या तीन जुळल्या. बाराही फोन थांबले. दहा, नऊ, आठ. कोणी काही उचललं नाही. मला उगीच वाटलं, आपण या खोलीत यायला नको होतं.

दारात इमारतीचे वॉचमनचाचा उभे होते. "मियाँ, ये कौन खेल रै?"

"कोई नहीं चाचा. टेस्टिंग है."

"कोई नहीं तो फिर हारता कौन?" मी काही बोलायच्या आत त्यांनी हात हलवला. "नक्को, मेरेकू नक्को बताओ. मैं तो पंखा बंद करने आया था." आणि पंखा तसाच ठेवून ते गेले.

आई पिशोरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. अडीचच्या सुमाराला भांडी घासून झाली की ती व्हरांड्यात बसते. तिच्या फोनवर आमचा गेम मीच टाकून दिला होता. लेकाच्या कंपनीचा आहे म्हणून ती रोज खेळायची. एका दुपारी तिचा फोन आला.

"जयभीम, माय. काय गं?"

"अरे, तुझा मामा सापडला."

"कुठं?"

"फोनात."

मी हसलो. ती हसली नाही.

"आत्ता खेळून उठला. पहिली सोंगटी उचललीच नाय त्यानं. मी म्हणलं, चुकला असंल. दुसरा डाव लावला. परत नाय उचलली. अन् दुसऱ्या बारीला बराबर उचलली. असं दुसरं कोण खेळतं रे, सांग बरं?"

"माय, कोणीबी असंल."

"नाव भलतंच लावलंय. लाज वाटत असंल त्याला, इतक्या वर्सांनी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: माय, तो मी बनवलाय. पण तिच्या आवाजात जे होतं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि माझी जीभ उचलली नाही.

पुढं रोज तेच. आज आला. आज नाय आला. आज नाव बदलून आला. ती सांगायची आणि मी हं हं करायचो. मग मागणी सुरू झाली.

"तू त्याच कंपनीत हायस ना? मग काढ की त्याचा नंबर."

"तसा काढता येत नाय."

"कामून? शाळा तरी कामून शिकवली मग तुला एवढी?"

एका रविवारी मी गावी गेलो. वडील शेंद्र्याच्या कारखान्यातून पाळी करून आले होते आणि आत आडवे झाले होते. अडीच वाजले तशी आई फोन घेऊन दारातल्या फरशीवर बसली, त्या कोरलेल्या पटाशेजारी. मी मागून बघत होतो. समोरच्याच्या तीन जुळल्या. दहा सेकंद उलटे मोजले जाऊ लागले. आईनं फोन तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "घे की. उचल. मी आता रडत नाय."

वर नाव वेगळं होतं, मोगऱ्याचा फोटो होता, आणि मला वाटत होतं की आत माझेच दहा सेकंद आहेत.

आत गेलो तर वडील जागे होते. "तिला काय बोलू नको," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "लई दिसांनी पोटभर जेवायलीय."

शहरात आल्यावर मी ताईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ सोंगटीचा रंग बदलत राहिल्या. मग म्हणाल्या, "हलक्या गेमनी आपल्या धंद्याचं वाटोळं केलं, असं मी सगळीकडे म्हणते. लोक विचारतात, घटकाभर करमणुकीत काय बिघडतं? माझ्या गेममध्येही सगळं खोटंच आहे. नहर खोटी, मुलगी खोटी. पण खेळणाऱ्याला ते माहीत असतं. इथं त्याला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये म्हणून आपण राबतो. आणि माझी स्वतःची आई दुपारी फोनवर पत्ते खेळते. तिच्या समोर कोण बसलंय हे मला ठाऊक आहे. मी तरी कुठं सांगितलं? तू सांग तुझ्या आईला."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलं नाही. त्याऐवजी ती रीत सावलीतून गुपचूप काढून टाकली. सावल्या आता पहिल्याच वेळी सोंगटी उचलू लागल्या. मला वाटलं, पूर्वी जसे मामाचे फोन यायचे थांबले तसा तो इथूनही यायचा थांबेल, आणि आईला मी काही सांगायची वेळ येणार नाही. भित्र्या माणसाचं डोकं असंच चालतं.

नवा बदल सोमवारी लोकांच्या फोनवर पोचला. गुरुवारी आईचा फोन आला.

"आज दोन डाव झाले. पहिली नाय उचलली दोन्ही बारीला."

मी एकेक सावली उघडून बघितली. रीत कुठंच शिल्लक नव्हती. बारा फोनांसमोर उभा राहिलो. सगळ्या सावल्या पहिली सोंगटी पटापट उचलत होत्या. मग ताईंना बोलावलं आणि आम्ही नोंदी उघडल्या. प्रत्येक डावाच्या नोंदीत समोर कोण होतं ते असतं: 'सावली' किंवा 'खरा'. आईच्या त्या दुपारच्या दोन्ही डावांपुढं लिहिलं होतं, 'खरा'.

आम्ही मागं मागं गेलो. बहुतेक ठिकाणी सावली. पण मधूनमधून खरा, आणि दर वेळी तोच एक क्रमांक. तो फक्त अडीच ते तीनच्या दरम्यान यायचा. त्या वेळी खरी माणसं इतकी थोडी असायची की दोघं असले तर गेम त्यांनाच समोरासमोर बसवायचा. मग आम्ही पहिल्या दिवसापाशी आलो, ज्या दुपारी आईनं मामा सापडला म्हणून फोन केला होता. तिथंही खरा. मी चूक टाकलेली सावली मला वाटत होतं तेव्हा बाहेर गेलीच नव्हती. तपासणीत अडकून ती सहा दिवस उशिरा गेली होती. त्या दुपारी ती अजून मांडणीवरच्या बारा फोनांतच होती.

ताईंनी तो क्रमांक शोधून त्याचे सगळे डाव काढले. आईसमोरचे सोडले तर बाकी सगळे सावल्यांसमोरचे होते. त्यातही तो तसाच खेळला होता. समोर कोणी नसताना, त्या कोणी नसलेल्याची पहिली सोंगटी तो दर वेळी सोडून देत होता. ताईंनी खुर्ची हळूच मागं सरकवली.

नाव, नंबर असं काही आमच्याकडे नसतं. फोन साधा होता, राज्य दुसरं होतं, भाषा हिंदी लावलेली होती. एवढंच. ताई सरांकडे गेल्या. खेळणाऱ्याला असं एकट्याला गाठणं नियमात बसत नव्हतं. शेवटी सरांनी एक ओळ पाठवायची परवानगी दिली, आणि खाली ऑफिसचा नंबर. ओळ ताईंनीच लिहिली: 'पहली गोटी छोड़ना आपको किसने सिखाया? मन हो तो फोन कीजिए.'

दुसऱ्या दिवशी तो संदेश बघितला गेल्याची खूण आली. त्यानंतर तो क्रमांक परत कधीच आला नाही. फोनही आला नाही.

तीन आठवडे गेले. आई म्हणाली, "येईना झाला रे. माझं काय चुकलं का? मी लई वेळा हरवला त्याला?"

हे मात्र मला ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी पिशोरला गेलो. ती शाळेच्या नळावर खिचडीचं मोठं पातेलं घासत होती. मी शेजारी उकिडवा बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हंजे मदी मदी तूच खेळायचास माझ्यासंग?"

"मी नाय, माय. मी बनवलेलं यंत्र."

"अन् पहिला?"

"पहिला खरा माणूस होता. कोण ते माहीत नाय."

ती घासत राहिली. मला वाटलं, रडेल किंवा राखेचा हात गालावर बसेल. ती म्हणाली, "दोघं हायती हे मला वळखू आलं होतं."

"कसं काय?"

"एक जण माझ्यासाठी थांबायचा. दुसरा नुसताच थांबायचा." मग पातेलं उपडं ठेवून म्हणाली, "पण मी दोघांसंगबी खेळले. म्हणलं, एखाद्या दिशी त्याचं मन लागत नसंल."

माझ्या विषयाचं उत्तर याच्या आसपास कुठंतरी असावं, पण मला ते नीट बाहेर काढता येत नाही. मी ते सेकंद मोजून, पारखून घातले होते, आणि चौथी शिकलेल्या बाईला त्यातला फरक कळत होता. तरी ती खेळत राहिली. ताईंचा नहरीचा गेम अजून बंदच आहे. हा गेम चालू आहे, आणि त्यात सावल्या वाढल्या आहेत. दर्जा घसरला का, तर हो म्हणावंसं वाटतं. पण हा हलका गेम नसता तर आई कुणाची वाट बघते हे कोणत्याच पटावर कधी कुणाला समजलं नसतं, हेही मला खोडता येत नाही. आईनं मला एवढंच विचारलं, की तो खरा माणूस जो कोणी आहे, त्याला मामानं शिकवलं असेल का. मी म्हणालो, माहीत नाही. "मग मामा कुठंतरी असंल," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवसांत, भर दुपारी, ऑफिसचा फोन वाजला. ताईंनी उचलला, ऐकला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडचा माणूस हिंदीत, चाचरत बोलत होता. तो म्हणाला, तुमचा संदेश बघून मी घाबरलो, फसवाफसवी असेल म्हणून गेम काढून टाकला, पण ते डोक्यातून जाईना. तो ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथं पत्र्यावर खडूनं पट काढून त्याला हा खेळ एका मराठी माणसानं शिकवला होता. गाव विचारलं की तो माणूस नुसता कन्नडच्या बाजूचं म्हणायचा, म्हणजे आमचाच तालुका. मी मामाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, हो, तेच. मी विचारलं, ते आता कुठं आहेत. त्यानं मला विचारलं, तू कोण. मी म्हणालो, भाचा.

मग त्यानं सांगितलं. मामा दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होता. त्याच्या फोनमध्ये घरचा कोणाचाच नंबर सापडला नाही, म्हणून वर्कशॉपमधल्या चौघांनी मिळून त्याला अग्नी दिला, आणि त्या चौघांपैकी एक हा माझ्याशी बोलणारा माणूस होता.